तेराव्या दुरुस्तीची वाट

अब्राहम लिंकन यांचे नाव उच्चारले की गुलामांना मुक्त करणारा राष्ट्राध्यक्ष ही त्यांची ओळख सर्वप्रथम आठवते. ती खरीच आहे. मात्र ही मुक्तता त्यांच्या एका सहीने घडून आली, असा जो समज पुष्कळांच्या मनात असतो, तो अपुरा आहे. १८६३ साली त्यांनी काढलेल्या मुक्तीच्या जाहीरनाम्याने गुलामगिरीवर मोठा आघात केला. पण कायद्याच्या दृष्टीने ती देशातून नाहीशी झाली नाही. त्यासाठी अमेरिकेच्या राज्यघटनेतच बदल करावा लागला. हा बदल कसा घडला, हे समजून घेतल्याखेरीज लिंकन यांचे मोठेपण पुरते ध्यानात येत नाही.

लिंकन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी केंटकी राज्यात, लाकडी ओंडक्यांनी बांधलेल्या एका खोलीच्या घरात झाला. वडील टॉमस हे शेतकरी होते, सुतारकामही करीत. केंटकीत गुलाम बाळगण्यास कायद्याची मुभा होती. जमिनीच्या मालकीविषयीचे तंटे आणि काही अंशी गुलामगिरी यांना कंटाळून १८१६ साली हे कुटुंब ओहायो नदी ओलांडून इंडियाना राज्यात गेले. तेथे दोन वर्षांतच आई नॅन्सी वारली. पुढे आलेल्या सावत्र आईने, साराने, या मुलाला माया लावली आणि त्याची वाचनाची ओढ जपली. लिंकन शाळेत गेले ते सगळे दिवस एकत्र मोजले तरी एक वर्ष भरत नाही. शेतातील कामातून सवड काढून, उसनी पुस्तके आणून त्यांनी आपले शिक्षण आपणच केले.

१८३० साली कुटुंब इलिनॉय राज्यात आले. तेथे लिंकन यांनी दुकान चालवले, टपालाचे काम पाहिले, जमिनीची मोजणी केली. १८३४ मध्ये ते राज्याच्या विधिमंडळावर निवडून आले. कायद्याची पुस्तके स्वतःच वाचून १८३६ साली त्यांनी वकिलीची सनद मिळवली. कायद्याविषयीचा आदर हा त्यांच्या स्वभावाचा कणा होता. पुढील आयुष्यातील त्यांची ताकद आणि त्यांची अडचण, दोन्ही याच एका गोष्टीतून आल्या.

गुलामगिरी अन्यायाची आहे, याविषयी त्यांच्या मनात संदेह नव्हता. १८३७ साली इलिनॉयच्या विधिमंडळाने गुलामगिरीविरोधी चळवळीचा निषेध करणारा ठराव केला, तेव्हा लिंकन आणि आणखी एक सदस्य एवढ्या दोघांनीच आपले वेगळे मत लेखी नोंदवले. गुलामगिरी अन्यायावर उभी आहे, असे त्यांनी त्यात म्हटले. पण ज्या राज्यांत ती आहे, तेथे हात घालण्याचा अधिकार राज्यघटनेने केंद्रीय संसदेला दिलेला नाही, असेही त्यांनी त्याच निवेदनात लिहिले. १८४१ मध्ये ओहायो नदीतून बोटीने जाताना साखळदंडाने एकमेकांना जखडलेले दहा-बारा गुलाम त्यांच्या दृष्टीस पडले. ते दृश्य आपल्याला अजूनही यातना देते, असे त्यांनी चौदा वर्षांनंतर एका मित्राला लिहिलेल्या पत्रात कळवले होते. मन एका बाजूला आणि कायदा दुसऱ्या बाजूला, अशी ही ओढाताण होती.

या ओढाताणीचे मूळ १७८७ साली तयार झालेल्या राज्यघटनेत होते. त्या घटनेत गुलाम हा शब्द कोठेही आलेला नाही. तथापि तिच्यातील तरतुदींनी गुलामगिरीला आश्रय दिला होता. प्रतिनिधिगृहातील जागा लोकसंख्येनुसार ठरवताना गुलामांपैकी तीन-पंचमांश मोजले जात. म्हणजे ज्यांना मत देण्याचा अधिकार नव्हता, त्यांच्याच संख्येवर त्यांच्या मालकांच्या राज्यांना जादा जागा मिळत. पळून दुसऱ्या राज्यात गेलेला गुलाम मालकाला परत द्यावा, असेही बंधन घटनेत होते.

मग घटनाच का बदलू नये? प्रश्न सरळ होता. पण उत्तर बिकट होते. अमेरिकेत घटनादुरुस्तीसाठी संसदेच्या दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते मिळावी लागतात आणि त्यानंतर एकूण राज्यांपैकी तीन-चतुर्थांश राज्यांची मान्यता लागते. भारताच्या राज्यघटनेत बहुतेक दुरुस्त्यांना संसदेतील विशेष बहुमत पुरते आणि काही महत्त्वाच्या बाबींसाठीच निम्म्या राज्यांची संमती घ्यावी लागते. त्या मानाने अमेरिकेतील अट फारच कडक आहे. १८६० साली तेथे ३३ राज्ये होती. त्यांपैकी १५ राज्यांत गुलामगिरी कायदेशीर होती. दुरुस्तीसाठी २५ राज्ये हवी होती आणि गुलामगिरी नसलेली राज्ये होती केवळ १८. ही पंधरा राज्ये विरोधात ठाम राहिली असती, तर देशातील राज्यांची संख्या ६० झाल्याखेरीज अशी दुरुस्ती संमत होणे गणिताने अशक्य होते. आज एकविसाव्या शतकातही अमेरिकेत ५० राज्ये आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे त्या भिंतीची उंची कळते.

याखेरीज आणखी एक अडथळा होता तो मनाचा. १८०४ नंतर राज्यघटनेत एकही दुरुस्ती झालेली नव्हती. दोन पिढ्यांनी घटना जशीच्या तशी पाहिली होती. ती पूर्वजांनी घालून दिलेली पवित्र घडी आहे, तिला हात लावू नये, असे गुलामगिरीचा तिटकारा असलेल्या माणसांनाही वाटे.

लिंकन यांनी १८४७ ते १८४९ या काळात प्रतिनिधिगृहाचे सदस्य म्हणून एकदा काम केले आणि नंतर ते वकिलीकडे वळले. १८५४ साली कॅन्सस व नेब्रास्का या प्रदेशांत गुलामगिरीला वाट मोकळी करून देणारा कायदा झाला. त्यामुळे ते पुन्हा राजकारणात उतरले आणि नव्याने स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षात गेले. १८५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात आफ्रिकी वंशाच्या माणसाला अमेरिकेचे नागरिक मानता येत नाही, असा निर्णय दिला. नव्या प्रदेशांत गुलामगिरीला बंदी करण्याचा अधिकार संसदेला नाही, असेही न्यायालयाने ठरवले. १८५८ साली सिनेटच्या जागेसाठी लिंकन यांनी स्टीफन डग्लस यांच्याशी सात जाहीर वादविवाद केले. ती जागा त्यांना मिळाली नाही, पण त्यांचे नाव देशभर झाले.

१८६० च्या निवडणुकीत चार उमेदवार होते. सुमारे ४० टक्के मते मिळवून लिंकन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. गुलामगिरीचा प्रसार थांबवावा, एवढीच त्यांची भूमिका होती. जेथे ती आहे तेथे ती मोडण्याचे त्यांनी म्हटले नव्हते. तरीही दक्षिणेतील मळेवाल्यांना ते पुरेसे वाटले. २० डिसेंबर १८६० रोजी साउथ कॅरोलिना संघराज्यातून फुटले आणि लिंकन यांनी ४ मार्च १८६१ रोजी पदाची शपथ घेतली तोपर्यंत सात राज्ये बाहेर पडली होती.

देश फुटू नये म्हणून संसदेने याच वेळी एक निराळीच घटनादुरुस्ती संमत केली होती. राज्यांतील गुलामगिरीत केंद्राने कधीही ढवळाढवळ करू नये, अशी ती होती. ही दुरुस्ती राज्यांनी मान्य केली असती, तर घटनेची तेरावी दुरुस्ती म्हणून गुलामगिरीला कायमचे अभय मिळाले असते. आपल्या शपथविधीच्या भाषणात लिंकन यांनी या प्रस्तावाला आपला आक्षेप नसल्याचे सांगितले. गुलामगिरी नष्ट करणाऱ्या दुरुस्तीच्या मार्गात कोणकोण उभे होते याचा हिशेब मांडताना, १८६१ मधील स्वतः लिंकन यांनाही त्यांत धरावे लागते. चरित्रकारांनी हे झाकण्याचे कारण नाही. पुढील चार वर्षांत ते किती बदलले, ते यावरूनच समजते.

१२ एप्रिल १८६१ रोजी फोर्ट सम्टर या किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या आणि यादवी युद्धाला तोंड फुटले. आणखी चार राज्ये फुटली. मात्र डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिसूरी ही गुलामगिरी असलेली चार सीमावर्ती राज्ये संघराज्यात राहिली. त्यांना दुखवले तर तीही हातची जातील, ही चिंता लिंकन यांना रात्रंदिवस होती. त्यांनी समजुतीचा मार्ग धरला. गुलामांच्या मालकांना सरकारने मोबदला द्यावा आणि राज्यांनी हळूहळू, आपण होऊन गुलाम मुक्त करावेत, अशी योजना त्यांनी पुढे केली. डेलावेअरमध्ये तर १८०० हूनही कमी गुलाम होते. पण तेथेही ही योजना स्वीकारली गेली नाही. १८६२ च्या जुलै महिन्यात त्यांनी सीमावर्ती राज्यांच्या प्रतिनिधींना बोलावून पुन्हा विनवले. बहुसंख्य प्रतिनिधींनी नकार दिला. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी परदेशी जाऊन वसाहत करावी, ही कल्पनाही लिंकन यांनी या काळात मांडून पाहिली. स्वतः कृष्णवर्णीयांनीच तिला मोठ्या प्रमाणावर विरोध केला, कारण त्यांच्या दृष्टीने अमेरिका हीच त्यांची जन्मभूमी होती. फक्त राजधानी वॉशिंग्टनचा प्रदेश थेट संसदेच्या अखत्यारीत असल्यामुळे तेथील सुमारे ३१०० गुलाम १६ एप्रिल १८६२ च्या कायद्याने, मालकांना मोबदला देऊन, मुक्त करता आले.

समजुतीने काम होत नाही असे दिसल्यावर लिंकन यांनी सरसेनापती या नात्याने आपल्याकडे असलेला युद्धकाळातील अधिकार वापरला. १ जानेवारी १८६३ रोजी त्यांनी मुक्तीचा जाहीरनामा काढला. बंडखोर प्रदेशांतील गुलाम त्याने मुक्त ठरले आणि कृष्णवर्णीयांना सैन्यात प्रवेश मिळाला. युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक संघराज्याच्या भूसेनेत दाखल झाले होते. ही माणसे देशासाठी रक्त सांडत असताना त्यांना किंवा त्यांच्या बायकामुलांना पुन्हा गुलामीत ढकलता येणार नाही, ही भावना उत्तरेत हळूहळू मूळ धरू लागली. घटनादुरुस्तीला खरे बळ मिळाले ते येथून.

जाहीरनाम्याची मर्यादा लिंकन यांच्यातील वकिलाला पुरेपूर ठाऊक होती. चार सीमावर्ती राज्यांना तो लागू नव्हता. टेनेसी राज्य आणि लुइझियाना व व्हर्जिनियाचे काही भागही त्यातून वगळले होते. शिवाय तो युद्धातील उपाय होता. युद्ध संपले, की त्याचा आधारही संपला, असे म्हणत उद्या कोणी न्यायालयात गेले तर? ड्रेड स्कॉट खटल्यात निर्णय देणारे सरन्यायाधीश रॉजर टॉनी तेव्हा अजून पदावर होते. जाहीरनाम्याने माणसे मुक्त होत होती, पण माणूस विकत घेण्याचा आणि विकण्याचा कायदा तसाच राहत होता.

डिसेंबर १८६३ मध्ये ओहायोचे जेम्स ॲश्ली यांनी प्रतिनिधिगृहात घटनादुरुस्तीचा प्रस्ताव आणला. जानेवारी १८६४ मध्ये सिनेटमध्ये तसा प्रस्ताव जॉन हेंडरसन यांनी मांडला. हेंडरसन हे मिसूरीचे, म्हणजे गुलामगिरी असलेल्या राज्याचे होते. बाहेर एलिझाबेथ कॅडी स्टँटन आणि सुसान अँथनी यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांनी सह्यांची मोहीम उघडली होती. ज्यांना स्वतःलाच मताचा अधिकार नव्हता, अशा या स्त्रियांनी गावोगाव हिंडून जवळजवळ चार लाख सह्या गोळा केल्या. पहिल्या एक लाख सह्यांच्या भल्यामोठ्या गुंडाळ्या दोन कृष्णवर्णीयांनी उचलून सिनेटच्या सभागृहात आणल्या.

सिनेटने ८ एप्रिल १८६४ रोजी ३८ विरुद्ध ६ मतांनी दुरुस्ती संमत केली. प्रतिनिधिगृहात मात्र चित्र वेगळे होते. तेथे डेमोक्रॅटिक पक्षाच्या सदस्यांची संख्या मोठी होती आणि त्यांचे आक्षेपही नाना प्रकारचे होते. गुलाम ही मालमत्ता आहे, ती मोबदल्यावाचून हिरावून घेता येत नाही, असे काहींचे म्हणणे होते. घरगुती व्यवस्था ठरवणे हा राज्यांचा हक्क असून दुरुस्तीच्या नावाखाली तो काढून घेणे म्हणजे घटनाच उलथवणे होय, असे ओहायोचे जॉर्ज पेंडलटन यांच्यासारखे सदस्य सांगत. अकरा राज्ये सभागृहात हजर नसताना त्यांना बांधून टाकणारा निर्णय कसा घ्यावा, असाही प्रश्न केला जाई. अशाने दक्षिणेकडील लोक अधिक इरेला पेटतील आणि युद्ध लांबेल, ही भीती होतीच. आणि या सर्वांच्या तळाशी एक आक्षेप होता, तो काही जण उघड बोलत आणि बाकीचे मनात ठेवत : आज मुक्ती दिली तर उद्या हे लोक मताचा आणि बरोबरीचा हक्क मागतील. १५ जून १८६४ रोजी मतदान झाले. ९३ मते बाजूने आणि ६५ विरोधात पडली. साधे बहुमत झाले, पण दोन-तृतीयांशाला तेरा मते कमी पडली. ॲश्ली यांनी ऐन वेळी आपले मत मुद्दाम विरोधात नोंदवले; कारण नियमानुसार जिंकलेल्या बाजूच्या सदस्यालाच फेरविचाराचा प्रस्ताव आणता येत असे. त्या एका तांत्रिक युक्तीने दुरुस्ती जिवंत राहिली.

लिंकन यांनी तोपर्यंत या प्रश्नात उघडपणे फारसा भाग घेतला नव्हता. त्याच महिन्यात बाल्टिमोर येथे झालेल्या पक्षाच्या अधिवेशनात मात्र त्यांनी आग्रह धरून ही दुरुस्ती जाहीरनाम्यातील मुख्य मागणी करून घेतली. निवडणूक नोव्हेंबरात होती आणि युद्धाला लोक विटले होते. ऑगस्टमध्ये तर आपण हरणार अशी लिंकन यांची खात्री होऊन चुकली होती. मुक्तीची अट सोडून दक्षिणेशी तह करावा, असा सल्ला जवळचे लोक देत होते. ते डळमळले असतील. परंतु त्यांनी ती अट सोडली नाही. सप्टेंबरच्या आरंभी अटलांटा शहर पडले, वारे फिरले आणि लिंकन मोठ्या फरकाने पुन्हा निवडून आले. नव्या प्रतिनिधिगृहात त्यांच्या पक्षाला दोन-तृतीयांशाहून अधिक जागा मिळाल्या.

आता केवळ थांबणे पुरे होते. मार्च १८६५ मध्ये नव्या सदस्यांचे विशेष अधिवेशन बोलावले असते, तर दुरुस्ती सहज संमत झाली असती. तरी लिंकन यांनी जुन्याच, एकदा नकार दिलेल्या सभागृहापुढे ती पुन्हा नेण्याचा निर्णय घेतला आणि ६ डिसेंबर १८६४ च्या वार्षिक संदेशात तसे आवाहन केले. हा निर्णय अनेकांना चमत्कारिक वाटला. त्यामागे विचार होता. एका पक्षाने आपल्या बळावर केलेली दुरुस्ती राज्यांत वादग्रस्त ठरली असती. दोन्ही पक्षांची मते पडली, तर तिला देशाचा निर्णय म्हणता येणार होते. दुसरे असे, की युद्ध केव्हाही संपण्याच्या बेतात होते. ते आधी संपले, तर दुरुस्तीची निकड संपली, असे म्हणायला विरोधक मोकळे झाले असते.

मग सुरू झाले मते वळवण्याचे काम. ते नाजूक होते आणि सर्वस्वी सोवळेही नव्हते. परराष्ट्रमंत्री विल्यम सूअर्ड यांनी खटपटी माणसांचा एक गट कामाला लावला. निवडणुकीत पडलेल्या आणि मार्चमध्ये घरी जाणाऱ्या सदस्यांना सरकारी पदांची आशा दाखवण्यात आली. पैसे चारल्याचेही बोलले गेले. पण लिंकन यांनी तसे केल्याचा पुरावा मिळालेला नाही. स्वतः लिंकन यांची रीत समोर बसवून बोलण्याची होती. मिसूरीचे जेम्स रॉलिन्स हे स्वतः गुलामांचे मालक होते आणि जूनमध्ये त्यांनी विरोधात मत दिले होते. लिंकन आणि ते दोघेही एके काळी व्हिग पक्षाचे आणि हेन्री क्ले यांचे अनुयायी. लिंकन यांनी त्यांना बोलावून त्या जुन्या नात्याची आठवण दिली. रॉलिन्स यांचे मत तोवर बदललेलेच होते. तेव्हा मिसूरीच्या इतर सदस्यांकडे शब्द टाकण्याची विनंती लिंकन यांनी त्यांना केली. १३ जानेवारी १८६५ रोजी रॉलिन्स यांनी सभागृहात दुरुस्तीच्या बाजूने भाषण केले.

सीमावर्ती राज्यांतही बदल घडत होता. मेरीलँडच्या मतदारांनी अवघ्या ३७५ मतांच्या आधिक्याने नवी घटना स्वीकारून १ नोव्हेंबर १८६४ पासून गुलामगिरी बंद केली. मिसूरीने ११ जानेवारी १८६५ रोजी तोच मार्ग धरला. आपल्याच राज्यात जी व्यवस्था मोडली, तिच्यासाठी संसदेत झुंजण्यात आता कोणाला स्वारस्य उरणार?

मतदान ३१ जानेवारी १८६५ रोजी ठरले. त्याच दिवशी सकाळी सभागृहात वार्ता पसरली, की दक्षिणेचे शिष्टमंडळ तहाच्या बोलणीसाठी वॉशिंग्टनकडे निघाले आहे. तह होणार असेल तर दुरुस्ती कशाला, असा सूर निघाला आणि मोठ्या कष्टाने वळवलेले सदस्य पुन्हा चुळबुळ करू लागले. ॲश्ली यांनी लिंकन यांच्याकडे घाईने चिठ्ठी पाठवली. आपल्या माहितीप्रमाणे शहरात असे कोणी शिष्टमंडळ नाही आणि येण्याचा संभवही नाही, असे लिंकन यांनी लिहून दिले. त्यातील अक्षर न् अक्षर खरे होते. शिष्टमंडळ खरोखरच निघाले होते. पण ते राजधानीत येणार नव्हते, त्याची भेट व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर व्हायची होती आणि ती तीन दिवसांनी झालीही. शब्दाला शब्द जुळवून सत्याच्या काठावरून चालण्याची ही रीत प्रामाणिकपणासाठी नावाजलेल्या माणसाला शोभली का, यावर मतभेद होऊ शकतात. त्या सकाळी सरळ उत्तर दिले असते, तर दुरुस्ती बहुधा पडली असती, हेही तितकेच खरे.

दुपारी नावे पुकारली जाऊ लागली. प्रेक्षकांच्या सज्जात कृष्णवर्णीयही बसले होते. गुलामीतून निसटून आलेले थोर वक्ते फ्रेडरिक डग्लस यांचा मुलगा चार्ल्स त्यांच्यात होता. डेमोक्रॅटिक पक्षाचा एखादा सदस्य बाजूने मत देई, तेव्हा सभागृहात आश्चर्याची लाट उठे. अखेर आकडे जाहीर झाले : बाजूने ११९, विरोधात ५६, आणि आठ जण मतदानाला गैरहजर. दोन-तृतीयांशासाठी ११७ मते लागत होती. म्हणजे केवळ दोन मते अधिक मिळाली होती. क्षणभर शांतता पसरली आणि मग सदस्य बाकांवर उभे राहून टोप्या उडवू लागले, एकमेकांना मिठ्या मारून रडू लागले. बाहेर शंभर तोफांची सलामी झाली.

दुसऱ्या दिवशी लिंकन यांनी ठरावावर सही केली. खरे तर घटनादुरुस्तीवर राष्ट्राध्यक्षाच्या सहीची गरज नसते आणि सिनेटने नंतर तसे स्पष्टही केले. त्यांना मात्र ती सही करावीशी वाटली. त्यांच्या इलिनॉय राज्याने त्याच दिवशी सर्वांआधी मान्यता दिली. १२ फेब्रुवारी रोजी, लिंकन यांच्या छप्पन्नाव्या वाढदिवशी, मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मलेले धर्मोपदेशक हेन्री हायलँड गार्नेट यांनी प्रतिनिधिगृहात प्रवचन केले. त्या सभागृहात बोलणारे ते पहिले कृष्णवर्णीय होत.

यापुढे प्रश्न होता राज्यांचा. फुटलेली राज्ये मोजायची की नाही? ती वगळली, तर तीन-चतुर्थांश गाठणे सोपे होते आणि लिंकन यांच्या पक्षातील कित्येकांचा तसा आग्रह होता. ११ एप्रिल १८६५ रोजी आपल्या अखेरच्या जाहीर भाषणात लिंकन यांनी याला नकार दिला. केवळ निष्ठावंत राज्यांच्या मान्यतेवर पुढे शंका घेतली जाईल. सर्व राज्ये मोजून मिळालेल्या मान्यतेवर कोणालाच बोट ठेवता येणार नाही, असे त्यांनी समजावले. म्हणजे एकूण ३६ राज्यांपैकी २७ हवी होती. सुशिक्षित आणि सैनिक म्हणून लढलेल्या कृष्णवर्णीयांना मताधिकार मिळावा, अशी इच्छाही त्यांनी त्या भाषणात व्यक्त केली. श्रोत्यांमध्ये जॉन विल्क्स बूथ नावाचा नट होता. तीन दिवसांनी, १४ एप्रिलच्या रात्री, त्याने फोर्ड नाट्यगृहात लिंकन यांच्यावर गोळी झाडली. १५ एप्रिलच्या सकाळी लिंकन यांचे निधन झाले. तोवर वीसएक राज्यांनी दुरुस्तीला मान्यता दिली होती.

राहिलेले काम अँड्र्यू जॉन्सन यांच्या कारकिर्दीत झाले. दक्षिणेतील राज्यांना पुन्हा संघराज्यात यायचे असेल, तर त्यांनी दुरुस्ती मान्य करावी, असा आग्रह त्यांनी धरला. ६ डिसेंबर १८६५ रोजी जॉर्जियाने मान्यता दिली आणि २७ हा आकडा पुरा झाला. १८ डिसेंबर रोजी तेरावी दुरुस्ती अमलात आल्याचे जाहीर झाले. १८६० च्या जनगणनेत ज्या देशात सुमारे ३९ लाख ५० हजार गुलाम नोंदले गेले होते, तेथे आता कायद्याने एकही गुलाम उरला नाही.

या घटनेचे पडसाद दूरवर उमटले. १८७३ साली पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला आणि तो अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या तेथील सज्जनांना अर्पण केला.

दुरुस्तीच्या मजकुरात मात्र एक वाट उघडी राहिली होती. गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचे श्रम करवून घेण्याची मुभा तिच्यात होती. दक्षिणेतील राज्यांनी किरकोळ कारणांवरून कृष्णवर्णीयांना तुरुंगात घालून मळेवाल्यांना आणि खाणमालकांना भाड्याने देण्यासाठी तिचा दीर्घकाळ उपयोग केला. नागरिकत्वासाठी १८६८ मध्ये चौदावी आणि मताधिकारासाठी १८७० मध्ये पंधरावी दुरुस्ती करावी लागली. ज्या राज्यांनी १८६५ मध्ये तेराव्या दुरुस्तीला नकार दिला होता, त्यांपैकी न्यू जर्सीने पुढच्याच वर्षी, तर डेलावेअरने १९०१ मध्ये तिला मान्यता दिली. लिंकन यांच्या जन्मभूमीने, केंटकीने, १९७६ साली ती दिली. मिसिसिपीच्या विधिमंडळाने १९९५ मध्ये तसा ठराव केला. पण त्याची कागदपत्रे केंद्राकडे पाठवायची राहून गेली आणि ती नोंद २०१३ मध्ये पुरी झाली.